थंडरबर्ड : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या गृहनिर्माण संस्थेचा पत्रव्यवहार आणि माझी खासगी पत्रे एकाच ठिकाणी दिसावीत, आणि इंटरनेट बंद असतानाही जुने मेल वाचता यावेत, म्हणून नऊ महिन्यांपूर्वी घरच्या संगणकावर मी थंडरबर्ड हा मोफत ईमेल प्रोग्राम घेतला. ही गरज त्याने उत्तम भागवली आहे. मात्र त्याची देखभाल आपल्यालाच करावी लागते.

जीमेलचे खाते जोडताना जुन्या माहितीवर विसंबू नये. केवळ खात्याच्या नेहमीच्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रामला प्रवेश देणे गूगलने ३० मे २०२२ पासून बंद करायला घेतले, त्यामुळे सेटिंगमध्ये ‘ओऑथ२’ (गूगलच्याच पानावर लॉगिन करून प्रोग्रामला परवानगी देण्याची पद्धत) हीच पद्धत निवडावी आणि थंडरबर्डमध्ये कुकीज चालू ठेवाव्यात. एवढे केल्यावर जोडणीची तक्रार पुन्हा आली नाही.

सहाव्या महिन्यात मात्र इनबॉक्स उघडायला फार वेळ लागू लागला. शेकडो मेल पुसूनही डिस्कवरची जागा मोकळी होत नव्हती. कारण समजून घेतल्यावर उलगडा झाला. थंडरबर्ड एका फोल्डरमधील सगळे मेल सहसा एकाच मोठ्या फाइलमध्ये एकापाठोपाठ लिहितो, आणि आपण एखादा मेल पुसला की त्यावर फक्त ‘पुसलेला’ अशी खूण होते. त्याचा मजकूर आणि जोडपत्रे फाइलमध्ये तशीच राहतात. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘कॉम्पॅक्ट’ दिले की ती खरोखर निघतात. त्याबद्दलची सूचना प्रोग्राम अधूनमधून दाखवत होता, पण अर्थ न कळल्यामुळे मी ती दरवेळी नाकारत आलो होतो. कॉम्पॅक्ट केल्यावर माझी इनबॉक्सची फाइल साडेतीन जीबीवरून सव्वा जीबीवर आली आणि वेगही सुधारला.

मेल आहे पण यादीत दिसत नाही, किंवा विषय एकाचा आणि मजकूर दुसऱ्याचा उघडतो, असे झाल्यास घाबरू नये. हा बहुधा सूचीचा, म्हणजे फोल्डरमधील मेलची यादी ठेवणाऱ्या वेगळ्या फाइलचा, बिघाड असतो. फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘रिपेअर फोल्डर’ दाबले की सूची नव्याने तयार होते. काही जण त्यासाठी प्रोफाइलमधील (थंडरबर्ड आपले मेल आणि सेटिंग जिथे साठवतो त्या फोल्डरमधील) ‘.एमएसएफ’ ही सूचीची फाइल हाताने पुसतात, तेही चालते. मात्र तिच्याच शेजारी त्याच नावाची, पण पुढे काहीही नसलेली जी फाइल असते, तिला हात लावू नये, कारण प्रत्यक्ष पत्रे तिच्यातच असतात. याच कारणाने अँटिव्हायरसला प्रोफाइलचे फोल्डर तपासणीतून वगळायला सांगणे मला आवश्यक वाटते. एका संशयास्पद मेलसाठी तो संपूर्ण इनबॉक्सची फाइल उचलून बाजूला ठेवू शकतो.

आणखी एक गैरसमज माझाही होता. आयमॅप पद्धतीने (यात मेल सर्व्हरवरच राहतात आणि घरची प्रत त्यांच्याशी जुळवली जाते) जोडलेल्या खात्याची घरची प्रत म्हणजे बॅकअप नव्हे, कारण सर्व्हरवर पुसलेला मेल पुढच्या जुळणीत घरूनही जातो. म्हणून संस्थेची महत्त्वाची पत्रे मी ‘लोकल फोल्डर्स’मध्ये, म्हणजे फक्त घरच्या संगणकावर राहणाऱ्या फोल्डरांत, उतरवून ठेवतो आणि महिन्यातून एकदा, थंडरबर्ड पूर्ण बंद करून, संपूर्ण प्रोफाइल बाहेरच्या डिस्कवर उतरवतो. जुना पेन ड्राइव्ह वापरणार असाल, तर त्यावर फाइली साठवण्याची रचना (फाइल सिस्टम) आधी पाहून घ्या. फॅट३२ असल्यास ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल त्यावर उतरत नाही.