लोहगावला गाडी लावून जायचं की कॅबनं? एका सोलापूरकराचा हिशेब

पुण्याहून विमान पकडायचं ठरलं की आमच्या घरात हमखास चर्चा होते. गाडी घेऊन जाऊ आणि लोहगावच्या विमानतळावर लावू, की गाडी घरीच ठेवू आणि कॅब करू? पुण्यात राहणाऱ्याला हा प्रश्न दहा-पंधरा किलोमीटरचा असतो, आपल्याला अडीचशेचा. त्यामुळे पुण्यातल्या पाहुण्यांचा सल्ला इथं फारसा लागू पडत नाही. मी दोन्ही प्रकारे जाऊन आलोय, त्यावरून लिहितो.

आधी पैसे. जाऊन-येऊन ५०० किलोमीटर धरा. माझी पेट्रोल गाडी हायवेला १७ च्या आसपास देते, म्हणजे तीस लिटरच्या जवळपास पेट्रोल. लिटरला १०५ रुपये धरले तर ३,१०० झाले. सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस असे चार टोलनाके, दोन्ही वेळचे मिळून आठ. फास्टॅगचा वार्षिक पास काढला असेल (ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्या होत्या) तर एक नाका साधारण १५ रुपयांना पडतो, आठ नाक्यांचे १२० च्या आसपास. राहिलं पार्किंग. एखाद्या दिवसाचं बिल जाणवतही नाही. पण चार-पाच दिवस गाडी उभी राहिली की ते पेट्रोलच्या खर्चाकडे सरकायला लागतं, निदान मला तरी तसाच अनुभव आला. चार दिवसांच्या प्रवासाला पाच-साडेपाच हजार धरून चाला.

दारापासून विमानतळापर्यंत कॅब केली तर पैशाच्या बाबतीत तुलनाच होत नाही. सोलापुरातून टूर्सवाल्याची सेडान सांगितली तर किलोमीटर जाऊन-येऊन लागतात. १३-१४ रुपये दर धरला तरी नुसतं सोडायचे साडेसहा-सात हजार, वर टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता. आणायला पुन्हा तेवढेच. अ‍ॅपवर एकेरी गाडी थोडी स्वस्त दिसते, पण पहाटेच्या विमानासाठी त्या गाडीच्या भरवशावर राहायचं धाडस मी कधी केलेलं नाही.

म्हणून सोलापूरकरासाठी खरी निवड वेगळी आहे असं मला वाटतं. एकीकडे स्वतःची गाडी आणि पार्किंग, दुसरीकडे पुण्यापर्यंत रेल्वे आणि स्टेशनवरून लोहगावला ओला-उबर. सकाळची वंदे भारत किंवा हुतात्मा धरली की दुपारचं-संध्याकाळचं विमान आरामात मिळतं. स्टेशन ते विमानतळ कॅबला मी अडीचशे ते चारशेच्या दरम्यान दिले आहेत, पाऊस असला की थोडे जास्त. दोघांनी वंदे भारतच्या चेअर कारनं जायचं-यायचं म्हटलं तरी कॅबसकट सगळं चार हजारांच्या आसपास बसतं. हुतात्मानं गेलात तर बरंच कमी.

म्हणजे दोघांसाठी फरक हजार-दीड हजाराचा. तेवढ्यासाठी कुणी स्वतःच्या गाडीची मोकळीक सोडणार नाही, आणि मीही सोडली नसती. माझा निर्णय झाला तो परतीच्या रात्रीमुळे.

डिसेंबर महिना होता. दिल्लीच्या धुक्यामुळे विमान उशिरा सुटलं, आणि लोहगावला उतरलो तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. बरोबर आई. गाडी समोर पार्किंगमध्ये उभी, त्यामुळे थांबायचा विचारही कुणाच्या मनात आला नाही, निघालो. डिसेंबर म्हणजे गाळपाचा हंगाम. भिगवण सोडलं की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर लागायला सुरुवात होते. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर धुळीनं माखलेला, आणि ऊस दोन्ही बाजूंनी असा बाहेर आलेला की ट्रॉलीची कड कुठं संपते तेच कळत नाही. इंदापूरच्या पुढं अशीच एक ट्रॉली उजव्या लेनमधून चालली होती. ती हेडलाइटच्या उजेडात आली तेव्हा ब्रेक दाबायला जेमतेम जागा उरली होती. आई मागच्या सीटवर झोपली होती, तिला मी ते अजून सांगितलेलं नाही. पुढं टेंभुर्णीला थांबून तोंडावर पाणी मारलं, चहा घेतला, आणि घर येईपर्यंत साठच्या वर काटा जाऊ दिला नाही.

विमानतळाच्या पार्किंगचा हिशेब मांडताना आपण पावतीवरचा आकडा बघतो. पण तिथं गाडी लावली याचा अर्थ विमान उतरेल त्या वेळी, असेल त्या अवस्थेत, चार-साडेचार तास स्टिअरिंगवर बसायचं आधीच कबूल केलेलं असतं. जाताना माणूस ताजा असतो. येताना दिवसभर विमानतळावर ताटकळलेला असतो. मुक्काम करावा तर हॉटेलचा खर्च, आणि पार्किंगचा आकडाही चढतच राहतो. कॅबनं गेलेल्या माणसाला निदान पर्याय असतात. संध्याकाळी सहाला पुण्याहून हुतात्मा आहे, सातच्या सुमारास वंदे भारत. रात्री उशीर झाला तर मुंबईहून येणारी सिद्धेश्वर मध्यरात्रीनंतर पुण्यात येते आणि सकाळी सोलापुरात सोडते. बर्थवर आडवं होऊन घरी येता येतं. आरक्षण नसेल तर हडपसरहून ट्रॅव्हल्स आहेतच.

आणखी एक गोष्ट हल्ली मला महत्त्वाची वाटायला लागली आहे. लोहगावला गाडी लावली की ती खुंट्याला बांधलेल्या जनावरासारखी तिथं असते आणि आपल्यालाही तिथंच परत यावं लागतं. पूर्वी याचं काही वाटत नव्हतं. आता सोलापूरच्याच होटगी रोड विमानतळावरून गोव्याची सेवा जून २०२५ मध्ये सुरू झाली, त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईचीही. आपल्यातले किती तरी जण हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावरून विमान पकडतात. तेही याच ६५ क्रमांकाच्या महामार्गावर, फक्त उलट्या दिशेला, तीनशे किलोमीटरवर. परतीचं तिकीट हैदराबादचं स्वस्त मिळतंय किंवा मुंबईहून थेट सोलापूरला जोडून मिळतंय, आणि केवळ गाडी पुण्यात आहे म्हणून ते सोडून द्यायचं, हे मला पटत नाही.

कॅबचा त्रास नाही असं मात्र मुळीच नाही. बुकिंग झाल्यावर ड्रायव्हरचा फोन येतो, "कुठं जायचंय? पेमेंट ऑनलाइन का कॅश?" आणि उत्तर आवडलं नाही की राइड रद्द. जाताना वेळेचं गणित असताना हा प्रकार फार मनस्ताप देतो. म्हणून मी स्टेशनला गाडी थांबण्याआधी बुकिंग करत नाही, आणि विमानाच्या वेळेआधी चांगला तासभर जास्त हाताशी ठेवतो. येताना अ‍ॅपची कॅब पकडायला एरोमॉलपर्यंत, म्हणजे विमानतळाच्या बहुमजली पार्किंगच्या इमारतीपर्यंत, जावं लागतं, सामान जास्त असेल तर तेही जड जातं. आणि सोलापूरकराचं सामान जास्तच असतं. नातेवाइकांसाठी चादरी, शेंगा चटणी, कडक भाकरी घेतल्याशिवाय आपण कुठं बाहेर पडतो? वंदे भारतच्या वरच्या रॅकवर चादरींचा गठ्ठा बसवताना माझी खरोखर दमछाक झाली आहे.

चौघं असाल, लहान मूल बरोबर असेल, दोन-तीन दिवसांतच परतायचं असेल आणि दोन्ही विमानं दिवसाची असतील, तर गाडीच न्या. चार जणांच्या तिकिटांपुढं पेट्रोल आणि पार्किंग स्वस्त पडतं, आणि उजेडात तो रस्ता चांगला आहे. परतीचं विमान रात्री आठनंतर उतरणार असेल आणि महिना नोव्हेंबर ते मार्चमधला असेल, तर मी स्वतः गाडी नेणार नाही. तुम्हीही नेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

वयस्कर आई-वडिलांना रेल्वेचा जिना आणि कॅबची धावपळ झेपत नसेल तर मधला मार्ग आहे. गाडी आपली, पण बदली ड्रायव्हर घ्यायचा. तो सोडून गाडी परत आणतो आणि ठरलेल्या दिवशी घ्यायला येतो. पेट्रोल दुप्पट लागतं, दोन वेळची ड्रायव्हरची मजुरी आणि जेवण द्यावं लागतं, पण पार्किंगचं बिल वाचतं आणि टूर्सच्या गाडीपेक्षा बरंच कमी पडतं. आमच्या घरी आईसाठी आता हेच करतो. फक्त ड्रायव्हरला दुपारीच पुण्यात बोलवा आणि चार तास झोपू द्या. त्या झोपेसाठी लॉजचे पाच-सातशे रुपये वेगळे द्यावे लागले तरी द्या, कारण रात्रीच्या ट्रॉल्या त्यालाही लागणार आहेत.