बर्ग लार्सन 110/2: रॉक टेनरसाठी स्टीलचा माउथपीस

रॉक बँडमधल्या सॅक्सोफोनवाल्याच्या वाट्याला गाण्यातले बहुतेक वेळा 8 किंवा 16 बार येतात. तेवढ्यात दोन इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम यांच्या वर येऊन उभं राहायचं असतं. नव्या टेनर सॅक्सोफोनबरोबर मिळणाऱ्या यामाहा 4सी सारख्या माउथपीसचं, म्हणजे तोंडात धरायच्या भागाचं, टिप ओपनिंग (त्याचं टोक आणि त्यावर बांधलेली थरथरणारी पातळ पट्टी, म्हणजे रीड, यांच्यातली फट) 2 मिलिमीटरपेक्षा कमी असतं. शिकायला तो उत्तम, पण बँडमध्ये त्यात जास्त हवा ढकलली की एका मर्यादेपुढे आवाज वाढत नाही, नुसता चिरकतो. म्हणून बर्ग लार्सनच्या स्टीलच्या माउथपीसकडे नजर वळते.

या ब्रिटिश कंपनीची आकड्यांची पद्धत आधी समजून घ्या, कारण निम्म्या चुकीच्या खरेद्या इथेच होतात. 110 म्हणजे रीडच्या टोकापासून माउथपीसच्या टोकापर्यंतचं अंतर, इंचाच्या हजाराव्या भागांत. म्हणजे साधारण 2.8 मिलिमीटर. ऑटो लिंक या दुसऱ्या कंपनीचा 7 स्टार माउथपीस 105 च्या आसपास येतो, त्यावरून अंदाज बांधता येईल. पुढचा आकडा चेंबरचा, म्हणजे आतल्या पोकळीचा, 0 पासून 3 पर्यंत. 0 मध्ये बॅफल, म्हणजे रीडसमोरचा आतला उंचवटा, सर्वांत चढा असतो आणि आवाज सर्वांत धारदार. 3 मध्ये आतली पोकळी मोकळी आणि आवाज सावळा. माउथपीसवर आकड्यांनंतर येणारी अक्षरं फेसिंगची, म्हणजे रीड माउथपीसपासून कुठून सुटायला लागते त्याची.

रॉक वाजवायचं म्हटलं की बहुतेक जण डोळे मिटून 0 मागतात. आमच्या मते ते चूक आहे. बॅफल उंच केला की सुरातले वरचे स्वरांश वाढतात आणि आवाज गिटारमधून कापत बाहेर येतो, हे खरं. पण ज्यांच्यामुळे लोकांना हा आवाज हवासा वाटतो, त्यांचं वाजवणं नीट ऐका. क्लॅरेन्स क्लेमन्स यांनी 1975 मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ‘जंगललँड’मध्ये वाजवलेला सोलो दोन मिनिटांहून लांब आहे आणि त्यात लांब धरलेले सूर आहेत. तो आवाज मोठा आहे, रुंद आहे, पण पातळ आणि टोकदार नाही. क्लेमन्स लहानपणी ऑल्टो शिकले. टेनरवादक किंग कर्टिस यांचं वादन ऐकून ते टेनरकडे वळले, आणि ती जाडी तिथूनच आलेली आहे. 110/0 वर तसा लांब सूर धरून पाहा: पहिल्या दोन बारनंतर कान दमतो. 110/2 वर धार राहते आणि खाली अंगही राहतं. निवड करायची तर 2 घ्या. 1 फक्त अशा बँडसाठी, जिथे मॉनिटर, म्हणजे स्टेजवरचा स्वतःला ऐकण्याचा स्पीकर, कमजोर आहे आणि गिटारवाला ऐकत नाही.

किंग कर्टिस यांनी 1958 च्या ‘याकेटी याक’ या गाण्यामध्ये वाजवलेले तुटक, अडखळल्यासारखे सूर ही वेगळी परीक्षा. तिथे जिभेच्या प्रत्येक टोल्याला रीडने लगेच बोलायला हवं. 110 वर 3 नंबरची रीड लावली (रीडचा नंबर जितका मोठा तितकी ती कडक) तर सूर उशिरा सुटतो, हवेचा फुसका आवाज आधी येतो. टिप मोठं तर रीड मऊ, हा सौदा आहे. 4सी वर अडीच नंबरची रीड लावणाऱ्याने इथे 2 नंबरच्या रीडपासून सुरुवात करावी, मग ओठ तयार झाले की अडीच. फार मऊ रीडचाही त्रास आहे: जोरात फुंकलं की ती टोकाला चिकटून बंद होते आणि वरचे सूर उतरतात. उघड्यावरच्या कार्यक्रमात, जिथे दोन गाण्यांमध्ये रीड वाळते, तिथे प्लास्टिकचा लेप असलेली रीड सोयीची. तिचा आवाज मुळातच चकचकीत असल्याने 0 चेंबरबरोबर मात्र ती नको.

आता गुरगुरीबद्दल, म्हणजे ग्राउल. ती कुठलाच माउथपीस देत नाही. ती घशातून येते. मधला जी धरा आणि त्याच वेळी घशात वेगळा सूर गुणगुणा. तोच सूर गुणगुणलात तर काही घडत नाही. दोन सुरांच्या झटापटीतूनच खरखर निर्माण होते. मधल्या जी पासून वरच्या सी पर्यंत ती सर्वांत सहज येते. अगदी खालच्या सुरांवर सूर तुटायचीच शक्यता जास्त. या माउथपीसचा फायदा एवढाच, की खरखरीचे वरचे अंश मागच्या बाकांपर्यंत ऐकू येतात. सॅक्सोफोनवादक ज्युनियर वॉकर यांच्या 1965 च्या ‘शॉटगन’ गाण्यातल्या किंकाळ्यांसाठी बॅफलची मदत होते, पण खालच्या बी फ्लॅटची बोटं धरून नुसत्या घशाने एफ, बी फ्लॅट, डी असे वरचे अंश काढण्याचा रियाज नसेल तर तिथेही फक्त चीं होईल.

खरी डोकेदुखी सुरांची. चेंबर लहान म्हणजे माउथपीसमधली एकूण जागा कमी. वाद्याच्या शंकूचं टोक कापून तिथे माउथपीस बसवलेला असतो आणि त्याने त्या कापलेल्या भागाइतकी जागा भरून द्यावी लागते. जागा कमी पडली की वरचं सप्तक चढतं. पाम कीज, म्हणजे तळहाताने दाबायच्या बटणांचे वरचे डी, ई फ्लॅट, ई आणि एफ, सर्वांत आधी बिघडतात. उपाय म्हणजे माउथपीस 4सी पेक्षा काही मिलिमीटर बाहेर ओढणं. 2 वर हे जमून जातं. 0 वर कित्येकदा वाद्याच्या मानेवरचं कॉर्क संपतं आणि माउथपीस डुगडुगतो. तेव्हा नवं जाड कॉर्क लावून घ्या. टेफ्लॉन टेप फक्त त्या रात्रीपुरती. आणि जबडा सैल ठेवा. दात आवळून चढलेला सूर माउथपीस ओढून कधीच उतरत नाही.

खालचा बी आणि बी फ्लॅट गुडगुडत असेल तर लगेच माउथपीसला दोष देऊ नका. आधी पॅडची, म्हणजे भोकं झाकणाऱ्या गाद्यांची, गळती तपासा, मग माउथपीस.

घेताना दोन तपासण्या करा. पहिली: ओली रीड नीट लावा, मागचं भोक तळहाताने बंद करा, हवा ओढून घ्या आणि तोंड सोडा. रीड क्षणभर चिकटून राहून टप् आवाजाने सुटली पाहिजे. सुटायला वेळच लागत नसेल तर एक तर रीड वाकडी आहे किंवा टेबल, म्हणजे रीड जिथे टेकते तो पृष्ठभाग, सपाट नाही. दुसरी रीड लावून खात्री करा. दुसरी तपासणी फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पट्टी) आणि खुणा असलेल्या काचेच्या गेजने: 0.0015 इंचाची पट्टी दोन्ही रेलवर, म्हणजे रीडखालच्या दोन्ही बाजूंच्या कडांवर, एकाच खुणेपाशी थांबली पाहिजे. एका बाजूला जास्त आत गेली तर चिरकणं नशिबी आलंच. हाताने घासून पूर्ण केलेल्या कुठल्याही माउथपीसमध्ये एका नगापेक्षा दुसरा वेगळा निघतो, म्हणून वाजवून पाहिल्याशिवाय घेऊ नये. रेल दुरुस्त करता येतात, पण स्टील कठीण असल्याने कारागीर वेळ घेतो. याच कठीणपणाचा फायदा असा, की मुलामा उडण्याची भानगड नाही आणि मऊ मिश्रधातूच्या माउथपीससारखं टोक सहज चेपत नाही.

या माउथपीसचं अंग बारीक आहे, त्यामुळे रबरी माउथपीसचं लिगेचर, म्हणजे रीड आवळून धरणारा पट्टा, बसत नाही. सोबत येणारं जपून ठेवा. वरच्या दातांना स्टीलची कंपनं टोचतात, म्हणून चोचीवर, म्हणजे दात टेकतात त्या वरच्या उतारावर, रबरी पट्टी चिकटवा. तिच्या जाडीने तोंड थोडं जास्त उघडतं, एवढं लक्षात असू द्या.

मायक्रोफोन लावताना एसएम 57 सारखा डायनॅमिक घ्या, साधारण 15 ते 20 सेंटिमीटरवर, आणि त्याचं तोंड बेलच्या, म्हणजे वाद्याच्या रुंद तोंडाच्या, काठाकडे नव्हे तर बेल आणि खालच्या बटणांच्या मधोमध. बेलच्या आत घातला तर खालचे सूर एकदम ढणढणतात, कारण बाकीचे सूर मुख्यतः भोकांतून बाहेर पडतात. साउंडवाल्याला आधीच सांगा की ट्रेबल वाढवू नकोस. या माउथपीसमध्ये तो आधीच भरपूर आहे.