साखरेच्या फुलांचा क्लास आणि पाण्यात न विरघळलेली पाकळी

साखरेची फुलं शिकवतो असं सांगून गोंदाची फुलं करायला लावणारा एक ऑनलाइन कोर्स मी पैसे भरून केला. सोबतचं सामान घेतलं, संपल्यावर पुन्हा मागवलं, आणि ती फुलं लोकांच्या केकवर लावली. कोर्स चालवणाऱ्या बाईंचं नाव लिहीत नाही. नाव बदलून नवं दुकान मांडायला त्यांना एक दुपार पुरते. पद्धत मात्र तीच राहते, म्हणून पद्धतच सांगते.

जाहिरातीत पिओनी होते, रॅननक्युलस होते, पूर्ण उमललेले गुलाब होते. पाकळ्यांच्या कडा इतक्या पातळ की मागचा उजेड आरपार दिसावा. गमपेस्टमध्ये, म्हणजे फुलं करायच्या साखरेच्या कणकेत, असं काम होतं, जगभर उत्तम कलाकार ते करतात, त्यामुळे फोटोंवर शंका येण्यासारखं काही नव्हतं. पुढे सगळं बिघडल्यावर तेच फोटो मोठे करून पाहिले, तेव्हा एकात लांब रंगवलेली नखं, दुसऱ्यात सुरकुतलेली बोटं, तिसऱ्यात पुरुषाचा केसाळ मनगट. इमेज सर्चमध्ये टाकले तर त्यातले बरेचसे भलत्याच कलाकारांच्या पानांवर सापडले. हे तपासायला दोन मिनिटं लागतात. कोणताही कोर्स घेण्याआधी तेवढी द्या.

पैसे भरल्यावर किट आलं. कटर, सिलिकॉनचे वेनर (पाकळीवर शिरा उठवायचे साचे), बॉल टूल (टोकाला गोळी असलेली दांडी), फोम पॅड, २० ते ३० गेजच्या तारा, रंगीत डस्टच्या (फुलांवर लावायच्या कोरड्या रंगपुडीच्या) छोट्या डब्या आणि एक पारदर्शक पिशवी, तिच्यावर पेनने लिहिलेलं ‘टायलोज’. या पिशवीतच सगळी मेख होती.

नवीन असणाऱ्यांसाठी सांगते. फॉन्डंटची (केकवर पसरायच्या मऊ साखरेच्या लगद्याची) फुलं जाड होतात आणि सावकाश सुकतात, म्हणून बारीक कामाला गमपेस्ट लागते. तिच्यात आयसिंग शुगर, अंड्याचा पांढरा भाग, थोडं शॉर्टनिंग (डालड्यासारखी घट्ट चरबी) आणि टायलोज असतं. टायलोज म्हणजे सीएमसी, कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज. खाण्याच्या पाकिटांवर ते ई ४६६ या क्रमांकाने छापलेलं असतं. एक रुळलेलं प्रमाण असं: चार अंड्यांच्या पांढऱ्या भागाला साधारण ९०० ग्रॅम आयसिंग शुगर आणि १२ सपाट छोटे चमचे (टीस्पून) टायलोज. मळून झाली की पेस्ट घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवायची. टायलोज ओलावा धरतं, पेस्टला ताण येतो, आणि मग पाकळी कागदाहून पातळ लाटली तरी फाटत नाही. टायलोज काढून घेतलं तर हातात उरते ती फक्त मळलेली साखर.

आमच्या बॅचमध्ये जवळजवळ सगळ्यांची पेस्ट बिघडली. बॉल टूल कडेवरून फिरवला की कड लहरदार व्हायच्या ऐवजी तिला बारीक भेगा पडायच्या. तारेवर लावलेली पाकळी घसरून खाली यायची. आम्ही ग्रुपवर फोटो टाकायचो आणि मॅडमची उत्तरं यायची: हवा दमट आहे, साखर नीट चाळली नाही, तुमचे हात गरम आहेत. यातलं प्रत्येक कारण एरवी खरंच असतं! दमट हवेत गमपेस्ट हमखास त्रास देते, हात गरम असले की पेस्ट चिकटते. त्यामुळे कुणी वाद घातला नाही. सगळ्याजणी साखर दोनदा चाळत बसल्या, एक तर हात बर्फाच्या पाण्यात बुडवून काम करू लागली.

मग ‘प्रोफेशनल फ्लॉवर पेस्ट’ आली. तयार, पाकीटबंद, फक्त कोर्सच्या विद्यार्थ्यांसाठी, आणि किमतीला दणदणीत. ‘घरची पेस्ट जमत नसेल तर मी स्वतः वापरते ती घ्या.’ पाकिटावर फुलाचं चित्र, घटकांची यादी कुठेच नाही, उघडल्यावर व्हॅनिलाचा घमघमाट.

ती पेस्ट वापरताना मला फार आनंद झाला होता, हे कबूल करायला हवं. कड हवी तितकी पातळ व्हायची. शिरा लख्ख उठायच्या. सुकलेली पाकळी किंचित वाकवली तरी तुटायची नाही. एकदा अख्खा गुलाब ओट्यावरून फरशीवर पडला आणि उचलून पुन्हा फुलदाणीत ठेवला. गमपेस्टचं काम करणाऱ्यांना यातलं सुख वेगळं सांगायला नको. साखरेचं फूल पोचवताना आपला जीव मुठीत असतो, खोक्यात चार जादा पाकळ्या न्याव्याच लागतात.

खटकणाऱ्या गोष्टी होत्या, पण सुट्या सुट्या. कापताना कटरएवढी असलेली पाकळी सुकल्यावर कटरच्या आत खुळखुळायची, म्हणजे स्पष्ट आक्रसायची. गमपेस्ट इतकी आक्रसत नाही. दोन सुकलेल्या पाकळ्या एकमेकींवर आपटल्या की चिनी मातीच्या कपासारखा किण्ण आवाज यायला हवा, इथे प्लास्टिकचा बद्द आवाज. टायलोज पाण्यात भिजवून केलेल्या खाण्याच्या ग्लूने चिकटवलेल्या पाकळ्या सुकल्यावर सुटून यायच्या. मॅडम म्हणाल्या, या पेस्टला माझाच ग्लू लागतो. तो पांढरा होता, सुकला की पारदर्शक व्हायचा, आणि अर्थातच वेगळा विकत घ्यावा लागायचा.

उलगडा झाला तो भांडी धुताना. वेनरच्या खाचांत सुकलेली गमपेस्ट अडकली की मी तो कोमट पाण्यात टाकून ठेवते. साखर विरघळते, उरलेलं बुळबुळीत होऊन बोटाने निघतं. या वेळी परत आले तर खाचांतला थर जशाचा तसा. नखाने कड उचलली तर अख्ख्या पाकळीचा पापुद्रा निघाला, शिरांसकट, रबरासारखा. पाण्याने तो पांढुरका झाला होता, विरघळला मात्र अजिबात नव्हता. व्हॅनिला धुऊन गेल्यावर खालचा वास वर आला. लाकूडकामाच्या पांढऱ्या गोंदाचा. शाळेत ज्याने पुठ्ठ्याची घरं केली आहेत त्याला तो वास झोपेतही ओळखू येईल.

मग दोन काचेचे ग्लास घेतले. एकात माझ्या जुन्या, चांगल्या टायलोजने केलेल्या फुलाची पाकळी, दुसऱ्यात ‘प्रोफेशनल’ पेस्टची. दोन्हींत कोमट पाणी. पहिलीच्या कडा आधी धूसर झाल्या, मग ती मध्यात खचली, आणि काही वेळाने तळाशी ढगाळ, चिकट गाळ उरला. दुसरी दुसऱ्या दिवशीही पाकळीच होती. नुसती मऊ पडलेली.

या मालाला कोल्ड पोर्सिलेन म्हणतात. पांढरा पीव्हीए गोंद, कॉर्नफ्लोअर, थोडं तेल किंवा ग्लिसरीन, आणि बुरशी धरू नये म्हणून लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, हे शिजवून आणि मळून तो करतात. गोंदातलं पाणी उडून जातं म्हणून तो आक्रसतो. कोल्ड पोर्सिलेनची फुलं ही स्वतंत्र आणि सुंदर कला आहे. दागिने, शोभेचे गुच्छ, दुकानातले नकली केक यासाठी ती फुलं खुशाल वापरतात. माझं भांडण त्या मालाशी नाही, व्हॅनिला घालून तो साखर म्हणून विकणाऱ्यांशी आहे.

आता किटमधल्या ‘टायलोज’कडे वळले. पाव चमचा पावडर दोन मोठे चमचे पाण्यात हलवून ठेवली. खरं टायलोज आधी गुठळ्या धरतं, आपल्याला वाटतं फसलं, पण काही तासांनी गुठळ्या फुगून नाहीशा होतात आणि पारदर्शक, दाट जेल तयार होतं. माझ्या वाटीत सकाळी वर स्वच्छ पाणी आणि तळाशी पांढरा साका. कॉर्नफ्लोअर भिजवल्यावर बसतो तसाच. तेच पाणी गरम केलं तर खळ झाली. म्हणजे आधी पेस्ट बिघडेल अशी पावडर द्यायची, मग बिघडलेल्या पेस्टवर इलाज म्हणून गोंद विकायचा, आणि गोंद चिकटत नाही म्हणून आणखी गोंद. हातांचा गरमपणा, दमट हवा हे सगळं त्या साखळीतलं वंगण.

ग्रुपवर मी दोन्ही ग्लासांचा फोटो टाकला. काही मिनिटांत फोटो गेला, मग मीही गेले. खाजगीत मॅडमचं एकच उत्तर आलं: ‘अहो, फुलं कोण खातं?’

या एका वाक्यावर त्यांचा धंदा उभा आहे, म्हणून त्याबद्दल थोडं जास्त लिहिते. वाक्यात तथ्य आहे. तारेवरची फुलं अख्खी खाण्यासाठी नसतातच. त्यात तार असते, फ्लोरल टेप असते, बाजारचे परागकेसर असतात. तारही केकमध्ये थेट खुपसायची नसते, पोझी पिकमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या नळीत, घालून मग खोचायची, आणि कापण्याआधी सगळं काढून घ्यायचं. फूल कुणी चाखत नाही, म्हणूनच ही फसवणूक वर्षानुवर्षं उघडकीस येत नाही. खराब क्रीम पहिल्या घासाला कळतं. खोटी पाकळी आयुष्यभर कळत नाही. पण पाकळी आयसिंगला टेकलेली असते. सुटी पाकळी एखादं मूल उचलून तोंडात टाकतं, आणि ‘साखरेची आहे’ म्हटल्यावर मोठी माणसंही टाकतात. ग्राहकाला आपण साखरेचं फूल म्हणून सांगितलेलं असतं आणि दाम त्याचेच घेतलेले असतात.

आणि डस्ट तर झडतेच. फुलावरची कोरडी पूड खालच्या पांढऱ्या आयसिंगवर पडते, ती कुणी खरवडून काढत नाही. किटमधल्या डब्यांवर रंगांची नावं आणि ‘नॉन-टॉक्सिक’ एवढंच होतं. नॉन-टॉक्सिक लिहिलं म्हणजे खाण्यासाठी चालतं, असं अजिबात नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यात वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलं आजारी पडली. केकवर रोझ गोल्ड रंगाच्या डस्टचा जाड थर होता आणि त्यात तांबं निघालं. २०१९ मध्ये मिसुरी राज्यात एका लहान बाळाच्या रक्तात शिसं आढळलं, तिथे शोध घेता घेता वाढदिवसाच्या केकवरच्या फुलांना लावलेल्या पिवळ्या पेटल डस्टपर्यंत तपास पोचला. त्या डस्टमध्ये जवळपास चौथा हिस्सा शिसं होतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२१ मध्ये ही दोन्ही प्रकरणं प्रसिद्ध केली. खाण्याच्या डस्टच्या डबीवर ‘एडिबल’ असं स्पष्ट छापलेलं असतं आणि घटकही दिलेले असतात: साखर, अकेशिया गम, माल्टोडेक्स्ट्रिन, कॉर्नस्टार्च, अभ्रकावर आधारित चमकीचे रंग, परवानगी असलेले खाद्यरंग. घटक छापलेले नसतील तर ती डबी केकजवळ आणू नका. ‘फक्त सजावटीसाठी’ लिहिलेल्या डबीचंही तेच.

आता कुणी तयार साखरेची फुलं किंवा पेस्ट विकत असेल तर मी आधी घटकांची यादी लेखी मागते. ‘सीक्रेट रेसिपी’ हे उत्तर आलं की विषय संपला. अंडं आहे की नाही हे खाणाऱ्याला कळायलाच हवं, त्यात गुपित कसलं? फुलं असतील तर एक जादा पाकळी मागवते आणि पाण्यात टाकते. चाखून बघण्याच्या फंदात पडू नका, आपण नेमकं काय चाखतोय तेच माहीत नसतं. कोर्सच्या बाबतीत एवढं बघा की व्हिडिओमध्ये पेस्ट सुरुवातीपासून कॅमेऱ्यासमोर मळली जाते का. आमच्या व्हिडिओंत मळण्याचा भाग नेहमी ‘आधी करून ठेवलेली’ पेस्ट दाखवून उरकला जायचा, आणि शिकवणाऱ्या बाईंच्या हातून एकही पाकळी कधी तुटली नाही. गमपेस्ट शिकवताना पाकळ्या तुटतात. प्रामाणिक शिक्षक तुटलेली दाखवतात आणि ती कशी झाकायची तेही सांगतात. दमट हवेतही टवटवीत राहणारं, फ्रिजमधून काढल्यावर ओलं न होणारं साखरेचं फूल कुणी देऊ केलं, तर तिथेच थांबा. साखर ओलावा ओढते, तिचा तो गुणधर्मच आहे. म्हणून तर आपण फुलं पुठ्ठ्याच्या खोक्यात सिलिका जेल ठेवून जपतो.

पैसे परत मिळाले नाहीत. बँकेतून थेट पाठवलेली रक्कम, पावती नाही, आणि ग्रुपमधून काढल्याबरोबर सगळे जुने मेसेज दिसेनासे झाले. तक्रार करताना माझ्याकडे पाकिटांचे फोटो, शिल्लक पेस्ट आणि दोन ग्लासांचा व्हिडिओ एवढंच होतं. तुम्ही अशा ग्रुपमध्ये असाल तर शंका बोलून दाखवण्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि पाकीट फेकू नका.

ज्यांच्या केकवर ती फुलं गेली होती त्यांना मी एकेक करून फोन केले. एकीने फूल आठवण म्हणून उघड्या फडताळात ठेवलं होतं, जसं दिलं तसं ताजं, आणि त्याबद्दल ती माझं कौतुक करायला लागली. तिला खरं सांगितलं, फूल फडताळात राहू दे पण मुलांच्या हाती देऊ नको म्हटलं. कुणाच्या केकला अशी फुलं लावून झाली असतील आणि केक अजून कापला नसेल, तर फुलं काढून त्यांच्या खालचं आणि आजूबाजूचं आयसिंग बोटभर खोल खरवडून टाका आणि वरून नवीन लावा. डस्ट भरपूर झडली असेल तर केक सरळ बदलून द्या.