१७ नंबरच्या फॉर्मवाल्यांनी हा इंग्रजीचा क्लास जरूर लावावा

मी ४१ वर्षांची. घरी ब्लाउज शिवते आणि यंदा १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे कॉलेजात न जाता बाहेरून, बारावीला बसतेय. बाकीचे विषय रात्री वाचून होतात, पण इंग्रजीचं व्याकरण काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं. म्हणून कराडात एका मॅडमकडे क्लास लावला. आठवड्यातून ३ दिवस, संध्याकाळी ७ ते साडेआठ. फी ३,००० रुपये, दोन हप्त्यांत दिली तरी चालते.

माझं घोडं अडलं होतं ‘नो सूनर… दॅन’पाशी. परीक्षेत ‘ॲज सून ॲज’चं वाक्य देतात आणि ते ‘नो सूनर’ने सुरू करून लिहायला सांगतात. गाइडमधलं सूत्र पाठ करूनही माझं दर वेळी चुकायचं.

मॅडमनी सूत्र बाजूलाच ठेवलं. म्हणाल्या, “ताई, एक गोष्ट होते न होते तोच दुसरी झाली, असं आज घरात काय घडलं ते मराठीत सांगा.” मी म्हटलं, “सुईत दोरा ओवला नाही तोच लाइट गेली.” त्यांनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि ‘नाही’खाली रेघ ओढली. “दोरा तर ओवून झाला होता, मग ‘नाही’ कशाला म्हणालात? मध्ये जराही वेळ गेला नाही, हे सांगायला. इंग्रजीतला ‘नो’ही तेच काम करतो.” आणि खाली लिहिलं: नो सूनर हॅड आय थ्रेडेड द नीडल दॅन द लाइट्स वेंट आउट. माझी कितीतरी दिवसांची गाठ तिथे सुटली.

पुढे ‘आय हॅड’चं ‘हॅड आय’ का होतं, तेही त्यांनी नीट सांगितलं. नो सूनर, हार्डली, स्केअर्सली, नेव्हर असा नकाराकडे झुकणारा शब्द वाक्याच्या सुरुवातीला आला, की सहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं. तोच शब्द मध्ये ठेवला तर उलटापालट नाही: आय हॅड नो सूनर थ्रेडेड द नीडल दॅन… ‘ॲज सून ॲज’मध्ये नकारच नाही, म्हणून तिथेही शब्द जागचे हलत नाहीत. ‘हॅड आय’ दिसलं की आमच्या बॅचमधली निम्मी मुलं शेवटी प्रश्नचिन्ह द्यायची. मॅडम प्रत्येकाच्या वहीत ते खोडून पूर्णविराम द्यायच्या, न रागावता.

‘सूनर’ हे ‘टॉलर’सारखं तुलनेचं रूप, म्हणून त्याच्यामागे ‘दॅन’. ‘हार्डली’ आणि ‘स्केअर्सली’त तुलना नाही, म्हणून तिथे ‘व्हेन’. एवढं कळल्यावर जोड्या पाठ कराव्या लागल्या नाहीत.

पत्रलेखन आणि सारांश ठीकठाक शिकवतात. तोंडी परीक्षेची तयारी मात्र फार उरकून घेतात. आमच्यासारख्या घरात कुणाशी इंग्रजी न बोलणाऱ्यांना तिथेच जास्त वेळ हवा.

खरी तक्रार छापील नोट्सची. पान १४ वर चक्क ‘नो सूनर डिड शी रीच्ड’ छापलंय. ‘डिड’ आल्यावर क्रियापद मूळ रूपातच हवं, हे मॅडमनीच शिकवलेलं. मी दाखवल्यावर त्यांनी लगेच मान्य केलं आणि वर्गात सगळ्यांना दुरुस्त करायला लावलं. पण पुढच्या बॅचला पुन्हा त्याच झेरॉक्स वाटल्या. नोट्सचे वेगळे १५० रुपये घेतात, तर हे पान नव्याने छापायला हवं. तोवर नोट्स हातात आल्या की पेन घ्या, ‘रीच्ड’ खोडा आणि ‘रीच’ लिहा.