एक्सेलमध्ये वारंवारता वितरण: मोजणी चोख, वर्गमर्यादा मात्र तपासून घ्याव्यात

संख्याशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांची पहिली खरी गाठ पडते ती कच्च्या सामग्रीशी. चाळीस जणांचे गुण हजेरीपटाच्या क्रमाने लिहिलेले असतात, तोवर त्यांतून वर्गाची एकूण स्थिती कळत नाही. गुणांचे वर्ग, म्हणजे ०-१०, १०-२० असे गट पाडून, ताळ्याच्या खुणा करून, प्रत्येक वर्गापुढे वारंवारता, म्हणजे त्यात किती जणांचे गुण येतात ती संख्या, मांडली की तीच सामग्री बोलू लागते. हे काम मी विद्यार्थ्यांकडून आधी वहीत आणि नंतर मायक्रोसॉफ्ट एक्सेलमध्ये करून घेतो. एक्सेलमध्ये त्यासाठी चार सोयी आहेत: फ्रीक्वेन्सी हे सूत्र, पिव्होट टेबल (सामग्रीचे गट पाडून गोषवारा देणारी सारणी), हिस्टोग्राम (आयतालेख) हा आलेख आणि ॲनालिसिस टूलपॅक (संख्याशास्त्रीय कामांसाठीची जोडसोय). शिक्षकाच्या नजरेतून पाहता या चारही सोयी सारख्या उपयोगाच्या नाहीत.

सर्वांत उपयुक्त सूत्र म्हणजे फ्रीक्वेन्सी. त्याला एकीकडे मूळ सामग्री द्यायची आणि दुसरीकडे प्रत्येक वर्गाची वरची मर्यादा. सर्व वर्गांच्या वारंवारता एकदम मिळतात. मर्यादा जितक्या दिल्या असतील त्याहून एक उत्तर जास्त येते, कारण शेवटच्या मर्यादेपेक्षा मोठ्या असलेल्या प्राप्तांकांची संख्या वेगळी दिली जाते. नव्या आवृत्त्यांत ही उत्तरे खालच्या घरांत आपोआप पसरतात. जुन्या आवृत्त्यांत मात्र आधी पुरेशी घरे निवडून कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर या तीन कळा एकत्र दाबाव्या लागतात. मूळ सामग्रीतील एखादा गुण बदलला की सारणीही लगेच बदलते, आणि एका प्राप्तांकाने वितरण कसे हलते हे वर्गात दाखवण्यासाठी याहून चांगले साधन मला मिळालेले नाही.

अडचण आहे ती वर्गमर्यादेची, आणि ती किरकोळ नाही. आपल्या शालेय पाठ्यपुस्तकांतील असमावेशक पद्धतीनुसार १०-२० या वर्गात २० हा प्राप्तांक धरत नाहीत. तो २०-३० या वर्गात जातो. फ्रीक्वेन्सी हे सूत्र नेमके उलट करते. दिलेली वरची मर्यादा ते त्याच वर्गात धरते, म्हणून २० गुण मिळवणारा विद्यार्थी १०-२० या वर्गात मोजला जातो. सरावासाठी मी ५० पैकी गुणांचा ४० विद्यार्थ्यांचा एक संच केला आहे. पाठ्यपुस्तकाच्या पद्धतीने ०-१० पासून ४०-५० पर्यंतच्या पाच वर्गांच्या वारंवारता अनुक्रमे ३, ८, १४, ११ आणि ४ येतात. सूत्राला १०, २०, ३०, ४० आणि ५० या मर्यादा दिल्या की त्याच सामग्रीच्या वारंवारता ४, ११, १३, ९ आणि ३ होतात, कारण १० गुण एकाला, २० गुण चौघांना, ३० गुण तिघांना आणि ४० गुण एकाला आहेत. दोन्हीकडे बेरीज ४० च येते, त्यामुळे बेरीज पडताळून हा फरक सापडत नाही. वर्गमध्य घेऊन काढलेला मध्य मात्र पहिल्या सारणीवरून २६.२५ आणि दुसरीवरून २४ येतो. सव्वादोन गुणांचा हा फरक केवळ मर्यादेवरच्या नऊ विद्यार्थ्यांमुळे पडलेला आहे.

उपाय सोपा आहे. गुण पूर्णांकांत असतील तर मर्यादा ९, १९, २९ आणि ३९ अशा द्याव्यात. ३९ पेक्षा जास्त गुणांची संख्या पाचव्या उत्तरात आपोआप येते. उंची किंवा वजनासारखी अखंडित सामग्री असेल तर काउंटइफ्स हे सूत्र घेऊन ‘१० किंवा अधिक आणि २० पेक्षा कमी’ अशी अट प्रत्येक वर्गासाठी लिहावी. यात लिहिणे वाढते, परंतु अट डोळ्यांसमोर राहते, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने मला हीच पद्धत अधिक पसंत आहे.

पिव्होट टेबलमध्ये गुणांचे गट पाडले, तर वरची मर्यादा पुढच्या गटात जाते, म्हणजे ती सोय आपल्या पाठ्यपुस्तकाशी जुळते. एकाच प्रणालीतील दोन साधनांचे नियम परस्परविरुद्ध असावेत ही गोष्ट मला खटकते. शिवाय ज्या वर्गात एकही प्राप्तांक नाही तो वर्ग पिव्होट टेबलमध्ये मुळात दिसत नाही. रिकामे घटकही दाखवावेत असा पर्याय मुद्दाम निवडावा लागतो. वितरणातील रिकामी जागा ही स्वतःच एक माहिती असते, आणि ती गाळली तर आलेखाचा आकार फसवा होतो.

हिस्टोग्राम हा स्वतंत्र आलेखप्रकार २०१६ च्या आवृत्तीपासून मिळतो आणि दिसायला तो नेटका आहे. वर्गांची रुंदी तो स्कॉट यांच्या नियमाने, म्हणजे प्राप्तांकांची संख्या आणि त्यांचा विखुरलेपणा पाहून, स्वतः ठरवतो, तर आपल्याकडे केवळ प्राप्तांकांच्या संख्येवरून वर्ग किती असावेत हे सांगणारे १९२६ चे स्टर्जेस यांचे सूत्र शिकवतात. त्या सूत्राने ४० प्राप्तांकांसाठी सुमारे सहा वर्ग येतात. दोन्ही नियम मार्गदर्शक आहेत, त्यामुळे रुंदी स्वतः १० अशी देणेच योग्य. परंतु तेवढ्याने भागत नाही, कारण हा आलेख पहिला वर्ग सर्वांत लहान प्राप्तांकापासून सुरू करतो. तो ४ असेल तर वर्ग ४-१४, १४-२४ असे पडतात. खालची टोकाची मर्यादा १० अशी ठरवून दिली की पुढचे वर्ग नीट लागतात. मर्यादा कोणत्या बाजूला धरली आहे हे गोल आणि चौकोनी कंसांनी अक्षाखाली लिहिलेले असते, ही बाब निश्चितच चांगली आहे. असमान रुंदीचे वर्ग मात्र या आलेखात करता येत नाहीत, म्हणून आयताचे क्षेत्रफळ वारंवारतेच्या प्रमाणात असते हा आयतालेखाचा गाभा यावरून शिकवता येत नाही.

टूलपॅकची सारणी एकदा तयार झाली की सामग्री बदलूनही बदलत नाही, त्यामुळे मी ती वापरत नाही.

आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. फ्रीक्वेन्सी हे सूत्र रिकामी घरे आणि मजकूर सोडून देते. गैरहजर विद्यार्थ्यापुढे ‘गैरहजर’ असे लिहिले तर ते सोयीचेच ठरते, परंतु मजकूर म्हणून साठवला गेलेला एखादा आकडाही तसाच निसटतो आणि कोणतीही सूचना मिळत नाही. म्हणून वारंवारतांची बेरीज हजर विद्यार्थ्यांच्या संख्येशी दर वेळी ताडून पाहावी.

ज्याने निदान दोन सारण्या ताळ्याच्या खुणांनी हाताने केल्या आहेत, त्या विद्यार्थ्याला मी एक्सेल निःसंकोच सुचवेन. ज्याने एकही केलेली नाही त्याला सारणी मिळेल, पण २० गुणांचा विद्यार्थी कोणत्या वर्गात गेला हे विचारायचे त्याला सुचणार नाही.