आम्हा दोघांचीही बाजू घेणारा समुपदेशक

लग्नाला अकरा वर्षे झाल्यावर माझे आणि माझ्या पतींचे बोलणे मुलाची शाळा आणि घरखर्च एवढ्यापुरतेच उरले होते. अशा वेळी माणूस ज्या घाईने आधार शोधतो, त्याच घाईने आम्ही एक विवाह समुपदेशक निवडले. त्या घाईत आमचे जे नुकसान झाले ते आणखी कोणाचे होऊ नये, म्हणून हे लिहीत आहे.

पहिल्याच भेटीत त्यांनी तीन महिन्यांत संसार पूर्ववत होईल अशी शंभर टक्के हमी दिली आणि २० सत्रांचे पैसे आगाऊ मागितले. ज्या कामाचे यश दोन माणसांच्या मनावर अवलंबून असते, त्याची हमी तिसरा माणूस कशी देऊ शकेल, हा साधा प्रश्न तेव्हा आम्हाला सुचला नाही. भिंतीवर सात प्रमाणपत्रे टांगलेली होती. कित्येक आठवड्यांनी, बाहेर ताटकळत असताना मी ती नीट वाचली, तेव्हा त्यांतली बहुतेक दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळांना हजर राहिल्याची निघाली.

पैशांपेक्षा मोठी फसवणूक वेगळ्या भेटींत झाली. तिसऱ्या सत्रापासून ते आम्हाला एकेकटे बोलावू लागले. मला ते म्हणत, “तुम्ही फार सोसले आहे, त्यांना तुमची किंमत नाही.” माझे म्हणणे अखेर कोणाला तरी समजले, या समाधानात मी घरी येत असे. एका रात्री भांडणात पतींच्या तोंडून निघून गेले, “सरसुद्धा म्हणतात की तुला सगळे आपल्या मुठीत हवे असते.” त्या रात्री आम्ही दोघांनी, कित्येक महिन्यांत प्रथमच शांतपणे बसून, त्यांनी कोणाला काय सांगितले ते ताडून पाहिले. प्रत्येकाला ऐकायला आवडेल तेच त्यांनी सांगितले होते. शिवाय मी दुसऱ्या गावी नोकरीसाठी अर्ज केल्याचे विश्वासाने सांगितले होते, तेही त्यांनी पतींना आडून सुचवले होते. हे मला आजही सहन होत नाही.

जबाबदार उपचारक वेगळे भेटण्यापूर्वीच स्पष्ट करतो की एकट्याने सांगितलेली गोष्ट जोडीदारापासून लपवली जाईल की नाही. हा नियम लेखी असेल तर उत्तम. घरात कोणाला कोणाची भीती वाटते का, मारहाण होते का, हेही तो प्रत्येकाला एकट्याने विचारतो, कारण अशा घरात एकत्र बसवून बोलते केल्याने धोका वाढू शकतो. आम्हाला यातले काहीही विचारले गेले नव्हते.

उरलेल्या नऊ सत्रांचे पैसे मागितले तेव्हा, “मध्येच सोडून जाणे हाच तुमच्या नात्याचा दोष आहे,” असे उत्तर मिळाले. पावती साध्या कागदावर होती आणि तिच्यावर नोंदणी क्रमांक नव्हता. नंतर वाचनात आले की अमेरिकेत या व्यवसायाला परवान्याचे बंधन घालणारा पहिला कायदा कॅलिफोर्नियाने १९६३ मध्ये केला आणि आज तेथील सर्व ५० राज्यांत पदव्युत्तर शिक्षण व अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखालील काम यांशिवाय हा परवाना मिळत नाही. जेथे असा कायदा नाही, तेथे समुपदेशक ही पाटी कोणीही लावू शकतो आणि चौकशीचा सगळा भार आपल्यावरच येतो.

दुसऱ्या वेळी मी भेट ठरवण्याआधी दूरध्वनीवरच विचारले: शिक्षण कोठे झाले, किती काळ कोणाच्या देखरेखीखाली काम केले, जोडप्यांबरोबरचा अनुभव किती? त्या बाईंनी जराही राग न मानता तिन्ही उत्तरे दिली. पहिल्या भेटीत, वेगळे बोललेले जोडीदारापासून लपवले जाणार नाही, असे लिहिलेला कागद त्यांनी पुढे ठेवला. तो आम्ही दोघांनी वाचला, सह्या केल्या आणि त्या एका दिवसाचेच पैसे देऊन घरी आलो.