शोरूममधलं कर्जाचं पॅकेज: कुठल्या ओळीला हो म्हणायचं, कुठल्या ओळीवर काट मारायची

गाडी पसंत पडली, रंग ठरला, की विक्री प्रतिनिधी फायनान्सच्या टेबलाकडे घेऊन जातो. तिथे एकाच कागदावर सगळं मांडलेलं असतं: ऑन-रोड किंमत, डाउन पेमेंट आणि सात वर्षांचा हप्ता. हे परीक्षण गाडीचं नाही, त्या कागदाचं आहे.

आधी चांगलं ते सांगून टाकू. निव्वळ कर्ज म्हणून ही सोय वाईट नाही. बँकेच्या फेऱ्या वाचतात, डिलिव्हरी ऑर्डर लवकर निघते, आणि उत्पादकाची एखादी योजना चालू असेल तर व्याजदर बाहेरच्यापेक्षा कमीही बसतो. खोट आहे ती कर्जाला चिकटवलेल्या अ‍ॅड-ऑनमध्ये. कर्ज सुरक्षा विमा (कर्जदार दगावला तर उरलेलं कर्ज फेडणारा), वाढीव वॉरंटी, कोटिंग, अ‍ॅक्सेसरी किट, हँडलिंग चार्जेस, हे सगळं ऐच्छिक असतं. कागदावर मात्र ते अशा थाटात बसवलेलं असतं की गाडीबरोबर येणारच आहे.

हे खपतं कसं, तर हप्त्याच्या भाषेत. कर्ज सुरक्षा विम्याचा एकरकमी हप्ता २५,००० रुपये धरा. टेबलावर '२५ हजार' हा शब्द उच्चारला जात नाही. "ईएमआय फक्त ४०९ रुपयांनी वाढतोय, सर." साडेनऊ टक्के दराने ८४ महिने हे ४०९ भरले की होतात सुमारे ३४,३००. सगळे अ‍ॅड-ऑन मिळून ७५,००० कर्जात घातले, तर हप्ता १,२२६ ने वाढतो आणि शेवटी जवळपास १ लाख ३ हजार जातात. म्हणून हप्ता बाजूला ठेवा आणि पहिला प्रश्न हाच विचारा: "कर्जाची मूळ रक्कम किती, आणि त्यात गाडी सोडून काय काय आहे?"

या प्रश्नाचं उत्तर लेखी मिळण्याची सोय आता नियमानेच झाली आहे. रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ रोजी परिपत्रक काढलं आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक किरकोळ मुदतकर्जाला 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे केएफएस, देणं बँका आणि एनबीएफसींना, म्हणजे बँक नसलेल्या कर्ज कंपन्यांना, बंधनकारक केलं. ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवं, त्यामुळे मराठीत मागायला संकोच नको. त्यात वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे एपीआर (व्याज आणि सगळे आकार धरून कर्ज वर्षाला किती टक्क्यांना पडतं तो आकडा), आणि महिनावार परतफेडीचा तक्ता असतो. विमा किंवा कायदेशीर तपासणीसाठी तिसऱ्याच कंपनीच्या वतीने घेतलेले पैसे एपीआरमध्ये धरावे लागतात आणि वेगळे दाखवावे लागतात. केएफएसमध्ये नसलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे लावता येत नाही. आणि सर्वांत उपयोगाचं म्हणजे सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जात हा प्रस्ताव किमान तीन कामकाजाचे दिवस तसाच खुला राहतो. "आजच सही करा, उद्या हा दर नाही" हे वाक्य केएफएस हातात आल्यावर टिकत नाही. शोरूममध्ये ते तरीही ऐकू येतंच.

केएफएसमध्ये बघायचं काय? दोन आकडे शेजारी ठेवायचे. ८ लाखांच्या कर्जात वर सांगितलेला २५ हजारांचा विमा मिसळला, तर कर्ज होतं ८ लाख २५ हजार आणि हप्ता सुमारे १३,४८४. व्याजदराच्या ओळीत साडेनऊच राहतात. एपीआरच्या ओळीत मात्र जवळजवळ साडेदहा दिसतात, तेही प्रोसेसिंग फी न धरता. या दोन आकड्यांत एक टक्क्याचं अंतर दिसलं, की मध्ये काहीतरी बसलंय असं समजायचं आणि आकारांची यादी उघडायची.

पण केएफएसलाही एक बाजू दिसत नाही. बँकेने लावलेलं त्यात येतं. डीलरने आपल्या कोटेशनमध्येच मिसळलेलं येत नाही. कोटिंग, किट, वॉरंटी ही गाडीच्या ऑन-रोड किमतीत धरली आणि त्या किमतीवर कर्ज मंजूर झालं, तर केएफएसमध्ये फक्त एक गोल रक्कम दिसते. म्हणून केएफएसबरोबर डीलरचं ओळवार प्रोफॉर्मा बीलही (विक्रीआधीचं कच्चं बील) हातात हवं. यातला एकच कागद वाचणारा हमखास फसतो.

प्रोफॉर्मातली सर्वांत सोपी चाचणी 'आरटीओ' या ओळीची. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या, १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर ११ टक्के. साडेनऊ लाखांच्या गाडीला १,०४,५००. नोंदणी शुल्क ६००, स्मार्ट कार्ड २००, कर्जाचा बोजा चढवण्याचे, म्हणजे एचपीचे, १,५००. बेरीज १,०६,८००. सरकारी पावतीवर आणखी एखादी किरकोळ ओळ निघाली तरी कोटेशनमध्ये १,२२,००० कसे झाले, याचं उत्तर मिळायला हवं. तो फरक म्हणजे बहुधा 'हँडलिंग', 'लॉजिस्टिक्स' किंवा 'आरटीओ एजंट'. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानेच, गाडी त्याच राज्यात नोंदवायची असेल तर नोंदणीचा अर्ज डीलरने करायचा आहे. जे काम कायद्याने त्याच्या गळ्यात आहे, त्याचे पैसे वेगळे कशाला? ही ओळ सरळ खोडा. नंतर कराची पावती मागून घ्या आणि कोटेशनशी ताडून बघा. नंबरप्लेटचंही तसंच: १ एप्रिल २०१९ पासून बनलेल्या गाड्यांना हाय सिक्युरिटी पाटी उत्पादकानेच द्यायची असते.

आता विमा, इथे मात्र जरा थांबावं लागेल. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरणारा) सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा झाला, दुचाकीला पाच वर्षांचा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, म्हणजे ओन डॅमेज, एका वर्षाचा घेता येतो. थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवतं. जून २०२२ च्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसी खासगी कारला तीन वर्षांचे १०,६४० अधिक जीएसटी, मग पॉलिसी कुठल्याही कंपनीची असो. म्हणजे शोरूमच्या आणि बाहेरच्या भावात जो काही फरक असतो, तो सगळा ओन डॅमेज आणि त्यावरच्या कव्हरांत. तुलना करताना आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण बाद झाली तर मिळणारी कमाल रक्कम, सारखी ठेवा, नाहीतर स्वस्त दिसणारी पॉलिसी फक्त कमी रकमेची निघते. नव्या गाडीची आयडीव्ही साधारण एक्स-शोरूमच्या ९५ टक्के. साडेनऊ लाखांना ९,०२,५००.

"विमा इथूनच घ्यावा लागेल, नाहीतर बँक अडवेल" हे खरं नाही. डीलरमार्फत विमा विकण्याचे नियम विमा नियामक आयआरडीएआयने १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू केले, आणि विमा कंपनी निवडण्याचा हक्क त्यात ग्राहकाकडेच आहे. बँकेला हवं असतं ते पॉलिसीवर हायपोथेकेशनच्या, म्हणजे गाडी तारण असल्याच्या, रकान्यात तिचं नाव. गाडं अडतं ते दुसऱ्याच जागी. बाहेरची पॉलिसी काढायला चॅसिस आणि इंजिन नंबर लागतो आणि तो नेमका डिलिव्हरीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत 'सिस्टीममध्ये येत' नाही. गाडी अलॉट झाली की हे दोन नंबर ईमेलवर मागा. लेखी मागणीला सहसा उत्तर मिळतं. 'विमा इथे घेतलात तर पंधरा हजार सूट' ही वेगळी गोष्ट, तो सौदा आहे. त्याचं गणित मांडा. कधीकधी खरंच फायद्याचं पडतं.

जुनी गाडी विकून नवी घेणाऱ्यांनी नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सूट, विसरू नये. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुन्या कंपनीकडून पत्र घ्यायचं आणि नव्या पॉलिसीत ५० टक्क्यांपर्यंतची सूट लावायची. ओन डॅमेजवर, थर्ड पार्टीवर नाही. डीलरच्या कोटेशनमध्ये हा रकाना बहुतेक वेळा शून्यच असतो. तो भरायला लावायचं काम आपलं.

कव्हरांपैकी दोन घेण्यासारखी. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता दावा देणारं, कारण त्याशिवाय बंपरसारख्या प्लॅस्टिक भागावर दाव्यात ५० टक्के घसारा कापतात. आणि मोठं कर्ज असेल तर रिटर्न टू इनव्हॉइस, म्हणजे आयडीव्हीऐवजी बिलाची किंमत देणारं. याचं कारण आकड्यांत बघा. ९.५ लाखांच्या गाडीवर पूर्ण ९.५ लाख कर्ज, साडेनऊ टक्के, ८४ महिने: दोन वर्षांनी बाकी असते सुमारे ७.३९ लाख. तिसऱ्या वर्षी घसाऱ्याच्या नेहमीच्या तक्त्याने ३० टक्के वजा होऊन आयडीव्ही राहते ६.६५ लाख. त्या वर्षी गाडी चोरीला गेली, तर विम्याचे सगळे पैसे बँकेला देऊनही सत्तरेक हजारांचं देणं उरतं. हे भगदाड या कव्हरने बुजतं. किल्ली हरवली, टायर फुटला, सामान चोरीला गेलं, असली कव्हरं मात्र वगळली तरी चालतात. इंजिनात पाणी शिरून झालेलं नुकसान भरणाऱ्या इंजिन प्रोटेक्टचा निर्णय पत्त्यावर अवलंबून. पार्किंगमध्ये दर पावसाळ्यात पाणी भरत असेल तर घ्या.

कर्ज सुरक्षा विमा वाईटच असतो असं नाही. टर्म इन्शुरन्स नसेल आणि घर एकट्याच्या कमाईवर असेल, तर विचार करा. पण सही करण्याआधी तीन गोष्टी तपासा. विम्याची मुदत कर्जाइतकी आहे का. कर्ज सात वर्षांचं आणि विमा पाच वर्षांचा, असंही आढळतं. नॉमिनीचं नाव बरोबर आहे का. आणि आरोग्याचं घोषणापत्र कोणी भरलंय. शेवटची गोष्ट सर्वांत घातक. टेबलावरचा मुलगा सगळ्या प्रश्नांपुढे 'नाही'वर टिक करतो, मोबाइलवर ओटीपी येतो, तो सांगितला की झाली संमती. पुढे दावा आला आणि जुना मधुमेह निघाला, की विमा कंपनी तेच घोषणापत्र पुढे करते. ओटीपी सांगण्याआधी मेसेज पूर्ण वाचा. तो कशासाठी आहे ते बहुधा त्यातच लिहिलेलं असतं.

वाढीव वॉरंटी उत्पादकाची असेल तर ठीक, पण त्याच दिवशी घ्यायची घाई नको. मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत ती सहसा नंतरही मिळते, फक्त जितका उशीर तितकी महाग. मारुती सुझुकीने जुलै २०२४ पासून मूळ वॉरंटीच तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर केली आहे, तेव्हा तिथे निर्णयाला भरपूर वेळ आहे. पावतीवर उत्पादकाऐवजी भलत्याच कंपनीचं नाव असेल, तर आधी वगळलेल्या भागांची यादी मागा. क्लच, ब्रेक पॅड, बॅटरी, टायर तर कुठेच धरलेले नसतात.

कोटिंगला आमचा नकार. तेच काम बाहेर निम्म्याशिम्म्या भावात होतं, आणि त्यावर सात वर्षं व्याज भरणं हा तर विनोदच. मालवण, रत्नागिरी किंवा गोव्याच्या किनाऱ्याला गाडी उभी राहणार असेल, तर तळाच्या अँटी-रस्ट कोटिंगला थोडा अर्थ आहे; तेही रोखीने. अ‍ॅक्सेसरी किटमध्ये तर कधी बेकायदा मालच असतो. पुढचा लोखंडी क्रॅश गार्ड लावायला केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये मनाई केली. काचेवरच्या काळ्या फिल्मला सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजीच. हप्त्याने विकत घ्यायची आणि वर दंड भरायचा!

सही होऊन गेली असेल तरी सगळं संपत नाही. जीवन विम्याची पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवस फ्री-लूक, म्हणजे पॉलिसी परत करायचा अवधी, असतो. एक मेल पुरतो: "कर्ज खाते क्र. अमुक. याला जोडलेली पॉलिसी क्र. तमुक मी फ्री-लूक मुदतीत रद्द करत आहे. परतावा कर्जखात्यात मुद्दलापोटी जमा करून सुधारित परतफेड तक्ता पाठवावा." शेवटचं वाक्य महत्त्वाचं, नुसतं 'परतावा द्या' म्हटलं तर पैसे येतात, हप्ता मात्र तसाच चालू राहतो. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि गेलेल्या दिवसांचा हप्ता कापला जातो, तो मान्य करा.

मेलला दाद मिळाली नाही, तर तक्रार कोणाविरुद्ध आहे ते आधी ठरवा, कारण दारं वेगवेगळी आहेत. बँक किंवा एनबीएफसी असेल तर तिच्याकडे लेखी तक्रार, ३० दिवस वाट, मग रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवरून लोकपाल. विमा कंपनी असेल तर विमा नियामकाचं बीमा भरोसा पोर्टल, त्यानंतर विमा लोकपाल. गोवेकरांना त्यासाठी मुंबई कार्यालय. डीलर असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. एक गोष्ट द्यायची तर दुसरी घ्यायलाच लावणं, याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात प्रतिबंधक व्यापारी प्रथा म्हणतात. मोबदला, म्हणजे आपण मोजलेली किंमत, ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगात शुल्क नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. मुदत दोन वर्षांची, अर्ज ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या. सोबत जोडायला लागतात केएफएस, ओळवार प्रोफॉर्मा, कराची पावती आणि ते मेल. 'तोंडी सांगितलं होतं' हे तिथे चालत नाही, ना डीलरचं ना आपलं.